चाकामागचा दगड

आमच्या घरी पावसाळ्यात गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवत नाहीत. आमच्याच काय, कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेक घरांत हेच आहे. चार महिने हवा ओली. गाडी दोन दिवस जागची हलली नाही की ब्रेकच्या पट्ट्या गंजून आतल्या आत चिकटतात आणि तिसऱ्या दिवशी निघायच्या वेळी मागची चाकं फिरत नाहीत. मग मेकॅनिक येऊन चाकावर हातोडा मारेपर्यंत निम्मं गाव सल्ले देत उभं राहतं. म्हणून हँडब्रेकच्या जागी दगड.

बाबांचा दगड ठरलेला होता. खाणीच्या रस्त्यावर सापडलेला, काळा, तिकोनी, एका हाताने कसाबसा उचलता येईल एवढा. टायर टेकून टेकून त्याच्या एका अंगाला गुळगुळीत पट्टा पडला होता. गाडी निघाली की तो डिकीत जायचा. दगड रस्त्यात टाकून पुढे जाणाऱ्याला बाबा माणसात धरत नसत. "आपण थांबलो त्याची शिक्षा मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला कशाला?" असं ते विचारायचे.

आणि दगड एकटा कधीच नसायचा. बाबा तीन कड्या म्हणत. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, ही पहिली कडी. चाकामागे दगड, ही दुसरी. तिसरी म्हणजे पुढची चाकं अशी वळवून ठेवायची, की गाडी सुटलीच तर ती रस्त्यावर न जाता दरडीत जाऊन बसेल. तिन्ही लावल्यावरही ते दहा पावलं जाऊन एकदा मागे वळून बघायचे. मला त्याचं हसू यायचं.

गेल्या वर्षी माझं शिकाऊ लायसन्स निघालं आणि ते मला खोपोलीच्या घाटात घेऊन जाऊ लागले. "ज्या गिअरने चढलीस त्याच गिअरने उतर," ते सांगायचे. "इंजिन धरतं गाडीला. ब्रेकवर पाय ठेवून बसलीस तर शिळफाट्याला पोचेपर्यंत ब्रेक तापेल आणि मग पाय दाबशील तो नुसताच खाली जाईल." न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणारे लोक दिसले की बाबांची मान हलायची. पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली की पलीकडे गेल्यावर हलके हलके दोन-तीनदा ब्रेक दाबायला लावायचे. ओला ब्रेक लगेच धरत नाही, त्याला आधी सुकवायचं आणि मगच वेग घ्यायचा.

आमच्या अंगणातून समोरचा डोंगर दिसतो. त्यात ठाकुरवाडीला घाट उतरणाऱ्या रेल्वेगाड्या थांबतात. चढणारं-उतरणारं कुणी नसलं तरी थांबतात. लहानपणी मी विचारलं होतं, "बिघडली का?"

"नाही. बिघडली नाही ना, ते बघायला थांबलीय," बाबा म्हणाले होते.

हे वाक्य मी पुढे फार वापरलं. सरकारबद्दल, पुढाऱ्यांबद्दल, प्लॉट पाडून विकणाऱ्यांबद्दल. सगळं बिघडलेलं असणार असं धरूनच बघायचं, ही सवय मला त्यातून लागली. स्वतःला मात्र मी त्या यादीत कधी घातलं नव्हतं.

मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात होते, आणि युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असत. माझा पहिला 'न' निषेधातला आणि पहिला 'ज' जाहीरमधला. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. डोंगर फोडणाऱ्यांवर, ओढा बुजवणाऱ्यांवर. प्रत्येक मसुदा बाबांच्या लाल पेनाखालून जायचा. विशेषणं खोडायचे. 'सर्वश्रुत आहे की' असं लिहिलं तर समासात लिहायचे, 'कोणाला श्रुत? नाव सांग.' आणि त्यांचा एकच नियम होता: ज्याच्यावर लिहायचं त्याच्यासमोर उभं राहून ते मोठ्याने वाचता आलं पाहिजे.

गेल्या भाद्रपदात मी वाहनांवर पत्रक काढलं. आमचं गाव कर्जत-खोपोली रस्त्यापासून थोडं वर आहे. वरच्या धबधब्याकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. वळणावर, मोरीवर, शाळेच्या फाटकात, वाटेल तिथे गाडी लावून लोक भजी खायला जातात. एकदा गावातल्या बाळंतिणीला घेऊन बाबा निघाले, तर चौदा ठिकाणी हॉर्न वाजवत उतरावं लागलं. मी पत्रकाला मथळा दिला होता: 'तुमची सहल, आमचा रस्ता.'

त्या बाळंतिणीला बाबांनीच का न्यायचं, हे सांगायला हवं. संध्याकाळनंतर आमच्याकडे एसटी नाही. रिक्षावाले वर यायला कुरकुरतात. कारखाना सुटल्यावर बाबांनी ही जुनी गाडी घेतली ती कुणाला कर्जतच्या दवाखान्यात, कुणाला स्टेशनवर, कुणाला तहसिलीत पोचवण्यासाठी. दाराशी कुणी येऊन "काका हायेत का?" असं विचारलं की बाबा खिळ्यावरची किल्ली काढायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

त्याच किल्लीवर माझ्या थोरल्या भावाचा डोळा होता. तो नेरळला नव्या सोसायटीत राहतो. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो दर रविवारी येऊन तेच म्हणायचा: "बाबा, पुरे आता. काही झालं तर तोंड कुठं दाखवायचं?" बाबा हसून विषय बदलायचे. किल्ली खिळ्यावरच राहायची. ती गेली असती तर आमच्या दाराशी येऊन हाक मारायचं कुणाला काही कारण उरलं नसतं. बाबांना ते कळत होतं आणि मलाही.

पत्रक वाटायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, अंगणात चिखल झाला होता. म्हणून बाबांनी गाडी फाट्यावर, चढाच्या कडेला लावली. तोंड वर, शेपूट खाली. थोड्या वेळाने टँकरवाला आला. हा आमच्याच शेजारच्या वाडीतला. वरच्या बंगल्यांना पाणी पुरवतो. इतका पाऊस पडत असताना पोहायचे हौद भरायला टँकर लागतात, हे मी त्याला दर वेळी ऐकवायचे आणि तो दर वेळी म्हणायचा, "ताई, पाऊस बंद करा, नायतर हौद बंद करा. माझं तोंड बंद करून काय व्हनार?"

त्या दिवशी त्याला वळण घेताना आमची गाडी आड येत होती. काच खाली करून तो ओरडला, "काका, गाडी थोडी सरकवा की. नायतर यक दिवस मीच सरकवीन हां!"

"तू आधी तुझे दगड रस्त्यातून उचल," मी म्हणाले. टँकरवाले उतारावर थांबले की रस्त्याकडेचा सापडेल तो दगड चाकाला लावतात आणि तो तिथेच सोडून जातात. याच्यावर माझा तो राग होता.

"दगडावर बी पत्रक काढा आता," तो हसत म्हणाला आणि वर गेला.

शनिवारी सकाळी मी फाट्यावर टेबल मांडलं, आमच्या गाडीच्या अगदी मागे, म्हणजे आडोसा मिळेल. माझ्या खालच्या अंगाला डोंगरातल्या वाडीवरची मावशी काकड्यांची पाटी घेऊन बसली होती. ती फक्त शनिवारी येते. वारा सुटला. पत्रकं उडू लागली. मी धावाधाव केली, प्लास्टिक टाकलं, वर काहीतरी वजन ठेवलं आणि कामाला लागले. गाड्या हळू होत, मी खिडकीतून पत्रक द्यायचे, कुणी घ्यायचं, कुणी काच वर करायचं. तेवढ्यात टँकर खालून आला आणि धडधडत वर गेला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. मुद्दामच.

मावशी किंचाळली तेव्हा मी वळले. आमची गाडी मागे येत होती. टेबल आडवं झालं. पत्रकं रस्ताभर. गाडी शेपटीकडून तिरकी होत दरडीकडे गेली, मागचं चाक चरीत उतरलं आणि ती थांबली. मावशीच्या पाटीपासून जेमतेम चार हात. मावशी उठून उभी होती आणि काकड्या उतारावरून घरंगळत निघाल्या होत्या.

"उचकी लागल्यागत येत होती गं," ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "याची आन् थांबायची. याची आन् थांबायची."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला त्यात काही दिसलं नाही.

बाबा घरातून धावत आले. आधी त्यांनी मावशीला पाणी दिलं, मग दार उघडून गाडीत बसले. त्यांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि तिथे जरा जास्तच वेळ राहिला. मग उतरून ते चरीतलं चाक बघायला गेले. मी वाकून आत बघितलं. दांडा पुढे होता. म्हणजे गिअर टाकलेला होता. पुढची चाकं वळवलेली होती, म्हणूनच गाडी दरडीत गेली होती. दगड मात्र नव्हता. चाकामागे नव्हता, चरीत नव्हता, रस्त्यावरही नव्हता.

तीन कड्यांपैकी दोन माझ्या डोळ्यांसमोर होत्या. तिसरी कुणीतरी काढली होती. कुणी, हे मला विचारावंसुद्धा लागलं नाही.

रविवारी भाऊ आला. तो आधी फाट्यावर जाऊन चर बघून आला आणि मगच घरात शिरला.

"चार हात," तो म्हणाला. "चार हात वर ती बाई असती तर?"

"गिअर होता, चाकं वळवलेली होती. दगड कुणीतरी काढला," मी म्हणाले.

"कुणी?"

"टँकरवाल्याने. शुक्रवारी तो धमकी देऊन गेला होता."

"धमकी? तो सगळ्यांशी तसंच बोलतो. तुला सगळीकडे कारस्थानच दिसतं गं."

"असतं म्हणून दिसतं."

भावाने बाबांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही सांगा. दगड लावला होता?"

"लावला होता," बाबा म्हणाले.

"आणि गिअर?"

बाबांच्या आधी मीच बोलले, "मी बघितला ना! पुढे होता दांडा."

बाबा खिडकीतून डोंगराकडे बघत राहिले. भाऊ उठला आणि त्याने खिळ्याकडे हात केला. आई आतून म्हणाली, "अरे, जेवून तरी घे आधी." ती अशा वेळी नेहमी जेवणच काढते. बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत थांब. मग बोलू." भाऊ थांबला. पण जाताना मला म्हणाला, "पुढच्या रविवारी मी किल्ली नेणार. तुझा टँकरवाला सापडला तर गोष्ट वेगळी."

माझ्याकडे सात दिवस होते. मी कामाला लागले. टँकरच्या फेऱ्या कोणत्या वेळेला होतात, ते वरच्या बंगल्याच्या रखवालदाराला विचारून घेतलं. रस्त्यात पडलेल्या दगडांचे फोटो काढले, सगळे टँकरच्या थांब्यांजवळचे. रखवालदार म्हणाला, की शनिवारी टँकर नेहमीपेक्षा उशिरा आला. मी लिहून घेतलं: उशीर का? त्या आठवड्यात मला सगळ्याचाच वास येत होता. दुकानदाराने "झालं ते झालं, सोडून द्या ना ताई" म्हटलं तर वाटलं, याला कुणी सांगितलं असं म्हणायला? रखवालदाराने दुसऱ्या दिवशी ओळख दिली नाही तर वाटलं, याला कुणी दम दिला? एका प्लॉटवाल्याची पांढरी गाडी दोनदा फाट्यावरून गेली. मी नंबर टिपला.

बुधवारी पत्रक तयार झालं. मथळा: 'चाकामागचा दगड कोणी काढला?' नाव घेतलं नव्हतं. 'बंगल्यांच्या हौदांसाठी या रस्त्यावरून दिवसातून अनेकदा जाणारे एक वाहन' असं लिहिलं होतं. आमच्याकडे असं वाहन एकच आहे. मसुदा बाबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला, लाल पेन उघडलं, बंद केलं आणि कागद परत दिला.

"काही खोडायचं नाही?" मी विचारलं.

"तुझं तू बघ," ते म्हणाले.

एकही खूण नसलेला माझा तो पहिला मसुदा. मी फुशारले. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, फाट्यावरच्या फळ्यावर चिकटवला आणि शिळफाट्याला चहाच्या टपऱ्यांवर वाटला.

गुरुवारी दुपारी टँकर आमच्या दाराशीच येऊन थांबला. टँकरवाला उतरला, टँकरखाली वाकला आणि साखळीला बांधलेला लाकडाचा एक पाचरीसारखा ठोकळा ओढून त्याने चाकामागे सारला. मग हात झटकत अंगणात आला.

"ह्यो गुटका," तो म्हणाला. "दोन महिनं झालं लावलाय. तुमीच बोलल्या व्हत्या ना, दगड टाकून जातोस म्हनून? मला दगड काय करायचाय तुमचा?"

"गुटका आज लावला असशील," मी म्हणाले.

"आज?" त्याने साखळी हलवून दाखवली. ती गंजून लाल झाली होती. "ताई, शिळफाट्याला च्या प्यायला थांबलो तर पोरं काय बोलतात म्हायताय? 'काय रं, दगड कुठं लपवलास?' माज्या बापाएवढा मानूस हाय काका. मी त्यांची गाडी ढकलीन?" मग तो बाबांकडे वळला. "काका, तुमी बोला की."

बाबा ओटीवर उभे होते. ते म्हणाले, "बस. चहा घे."

"नाय घेत," तो म्हणाला. जाताना गुटका काढून त्याने साखळीला नीट अडकवला आणि माझ्याकडे बघत एकदा रस्त्याकडे हात केला: काही मागे राहिलेलं नाही, बघून घ्या.

तो गेल्यावर मी बाबांना म्हणाले, "गंज एका पावसातही चढतो." बाबा आत निघून गेले.

शनिवारी मी परत फाट्यावर गेले. मावशी साक्षीला हवी होती. टँकर जाताना कोण उतरलं, कोण वाकलं, हे तिने बघितलं असणार, कारण तिचं तोंड चढाकडे होतं. ती नेहमीच्या जागी बसली होती. पावसाची सर होती म्हणून तिने डोक्यावर निळी ताडपत्री ताणली होती, एक टोक कुंपणाला बांधून आणि दुसऱ्या टोकावर दगड ठेवून.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. वही काढली.

"मावशी, गेल्या शनिवारी आमच्या गाडीचा दगड कुणी काढला, बघितलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच तिची थट्टा करतेय.

"तूच नं काढला!"

"मी?"

"तुजी कागदं उडाली, तू येड्यागत पळालीस, चाकामागचा दगड उपसलास न् कागदांवर ठेवलास. मी बोलली बी, अगं, गाडीचा हाय त्यो. तू बगितलं बी नाय." तिने मागे वळून ताडपत्रीच्या टोकाकडे बोट केलं. "टेबल पडलं तवा माज्याकडं गडगडत आला. मी ठेवून घेतला. तुजा न्हेयाचा तर न्हे, पन मला दुसरा आनून दे आदी."

काळा, तिकोनी. एका अंगाला गुळगुळीत पट्टा.

मी तो उचलला. दुसरा शोधून तिच्या ताडपत्रीवर ठेवला. हे सगळं माझ्या हातांनी केलं. डोकं अजून वाद घालत होतं. मी दगड काढला तर गाडी तेव्हाच का नाही आली? टँकर जाईपर्यंत का थांबली? गिअर होता ना? मग दगड काढल्यावर तरी का यावी? अजूनही कुठेतरी टँकरवाला शिल्लक असेल, अशी आशा मला होती. इतकी मी त्याच्यामागे लागले होते.

घरी आले. बाबा अंगणात गाडी पुसत होते. चिखल वाळला होता, गाडी आत आणली होती. मी दगड त्यांच्यासमोर ठेवला आणि सांगितलं. पत्रकांसाठी. मी. न बघता.

बाबा खाली बसले. दगडाच्या गुळगुळीत अंगावरून त्यांनी हात फिरवला. मग म्हणाले, "गाडीत बस."

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. ते शेजारी बसले. त्यांनी दांडा हलवला. आमच्या गाडीचा दांडा जुना, सैल. "हा पहिला," ते म्हणाले. दांडा पुढे. मग तो मागे घेऊन मध्ये आणला आणि पुन्हा पुढे सारला. "हा तिसरा."

बाहेरून बघितलं तर दोन्ही पुढेच. बोटभराचा फरक.

"तिसऱ्यात इंजिन गाडीला घट्ट धरत नाही. जरा धरतं, जरा सोडतं. उतार असला आणि शेजारून टँकर धडधडत गेला की उचक्या देत देत गाडी निघते. दगड असता तर ती टेकून राहिली असती." त्यांनी दांड्याच्या मुठीवर हात ठेवला. "शनिवारी दांडा इथे होता."

मावशीची उचकी मला आत्ता कळली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"हात लावल्या लावल्या."

"आणि तुम्ही मला छापू दिलंत?"

"दिलं," बाबा म्हणाले.

मी वाट बघत राहिले. ज्या माणसाने माझ्या एकेका विशेषणाला पुरावा मागितला होता, तो आता काहीतरी सांगेल. बाबा समोरच्या काचेतून बघत होते. ते म्हणाले, "किल्ली जाईल असं वाटलं. तू इतक्या खात्रीने सांगत होतीस, की मला सोपं झालं."

मला भयंकर राग आला. पण तो कुणावर काढायचा, हेच कळेना. गावातल्या प्रत्येकावर मी आठवडाभर संशय घेतला होता. दोनच माणसं सोडली होती, आणि ती दोघं त्या वेळी गाडीत बसली होती.

दुपारी आम्ही दुरुस्तीचं पत्रक लिहिलं. या वेळी बाबांनी लिहिलं आणि लाल पेन माझ्या हातात होतं. त्यांनी लिहिलं, 'अनवधानाने दगड निघाला.' मी 'अनवधानाने' खोडलं आणि लिहिलं, 'दगड मी काढला.' त्यांनी लिहिलं होतं, 'गिअर चुकीचा पडला.' मी ते खोडायला घेतलं, तेवढ्यात त्यांनीच पेन घेऊन केलं, 'गिअर मी चुकीचा टाकला, ते मला पहिल्याच दिवशी कळले, आणि मी गप्प राहिलो.' खाली दोघांच्या सह्या.

रविवारी भाऊ आला तेव्हा बाबांनी त्याच्यापुढे आधी पत्रक ठेवलं आणि मग त्यावर किल्ली ठेवली. भावाने वाचलं. त्याला इतके दिवस हवं होतं ते समोर पडलं होतं आणि तो हात पुढे करत नव्हता.

"हे वाटणार तुम्ही?" त्याने विचारलं.

"हो."

"शिळफाट्याला? सगळ्यांसमोर?"

"जिथे पहिलं वाटलं तिथे," बाबा म्हणाले. "आणि ऐक. मी यापुढे एकटा गाडी चालवणार नाही. लायसन्स मिळेपर्यंत ही चालवेल, मी शेजारी बसेन. मिळाल्यावर कधी मी, कधी ही. पण गाडी एकाने लावायची आणि दुसऱ्याने तपासायची. दुसरा नसेल तर गाडी निघणार नाही. हे तुला पटत नसेल तर ही किल्ली."

"आणि दाराशी कुणी आलं आणि ही घरी नसली तर?"

बाबांनी रिकाम्या खिळ्याकडे बघितलं. "तर नाही म्हणेन," ते म्हणाले.

हे त्यांना किती जड गेलं, ते भावालाही दिसलं असावं. त्याने किल्ली उचलली, उठला आणि ती खिळ्याला लावली. "एकदा जरी एकटे दिसलात तर मी नेईन," एवढंच म्हणाला. मग आईने वाढलेलं जेवला.

संध्याकाळच्या आत आम्ही निघालो. मी चालवत होते, मागच्या काचेवर लाल 'एल' चिकटवलेला. शिळफाट्याला टपरीच्या वरच्या अंगाला थोडा चढ आहे, तिथे मी गाडी लावली. चाकं कडेला वळवली. पहिला गिअर टाकला. बाबा उतरून दगड लावायला गेले. मी उतरून चाकामागे वाकले, दगडाला पायाने रेटून बघितलं. वर बघते तर बाबा खिडकीतून हात घालून दांडा मागे ओढून पुन्हा पुढे सारत होते. मी टाकलेला गिअर ते तपासत होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणाला राग आला नाही.

टँकरवाला टपरीवर होता. त्याच्याभोवती चार-पाच जण. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि पत्रक मोठ्याने वाचलं. बाबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांच्या वाक्यापाशी मी थांबले आणि ते त्यांनी स्वतः वाचलं. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

टँकरवाल्याने कागद मागून घेतला. सावकाश घडी घातली, खिशात ठेवला, पुन्हा काढला आणि सरळ केला.

"ह्यो मी काचेला लावनार," तो म्हणाला. "आतून. पावसात भिजायला नको."

"लाव," मी म्हणाले.

"आन् काका, तुमी त्या दिवशी च्या पाजत व्हता ना? तवाच बोलला असता तर मी च्या घेतला असता." बाबांनी मान खाली घातली. टँकरवाल्याने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं, मग टपरीवाल्याला म्हणाला, "तीन दे रं."

आम्ही चहा घेतला. त्याने माफ केलं की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि विचारायचा धीर मला झालेला नाही. तो कागद अजून त्याच्या काचेला आहे. पिवळा पडलाय, तरी दोन्ही सह्या ओळखू येतात.

निघताना मी गाडीत बसून ब्रेकवर पाय दाबला. बाबांनी दगड काढला आणि डिकीत टाकला. शेजारी येऊन बसणार तेवढ्यात टपरीवरून हाक आली.

"काका! टाकला ना नक्की? बगा उघडून!"

टपरी हसली. बाबाही हसले. पण ते परत मागे गेले, डिकी उघडली, दगड बघितला आणि मगच येऊन बसले.